सुट्टी मे महिन्याची, तळी कोणती? – डोंगरभटकंतीबद्दल वाचकांचे प्रश्न

उन्हाळी सुट्टीत हिमालयातल्या तळ्यांच्या वाटा चालायच्या आहेत, अशी पत्रं मार्चपासूनच येऊ लागली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. लांब पत्रं थोडी आवरली आहेत.

प्रश्न : मुलांना (वय 9 आणि 13) मेपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. त्या काळात काश्मीरमधली तळी पाहावीत की मनालीजवळचं भृगु सरोवर? दोन्हींचे निळ्याशार पाण्याचे फोटो पाहून मुलं हट्टाला पेटली आहेत. — रामबाग, इंदूर

मे महिन्यात दोन्ही नकोत. ते फोटो बहुतेक जुलै ते सप्टेंबरमधले असतात. भृगु सरोवर सुमारे 4,250 मीटरवर आहे. मेमध्ये ते गोठलेलं, बर्फाखाली झाकलेलं असतं. पाणी दिसायला जून बराच उलटावा लागतो. सोनमर्गहून नारानागकडे जाणाऱ्या वाटेवर विशनसर, गडसर, सतसर, गंगबल ही तळी लागतात. ती भृगुपेक्षा खाली असली, तरी मधल्या खिंडी 4,000 मीटरच्या वर चढतात आणि तिथला बर्फ जुलै उजाडल्याशिवाय वाट देत नाही. शिवाय हा सहा-सात दिवसांचा, जवळपास 70 किलोमीटरचा मार्ग. एकदा आत शिरलं की मधूनच गाडीरस्ता गाठायची सोय फारशी नाही. नऊ वर्षांच्या मुलाचा पहिला ट्रेक म्हणून तो निवडू नये.

उन्हाळी सुट्टीत तळं निवडताना सगळ्यात आधी त्याची उंची बघावी. मेमध्ये 3,000 मीटरच्या आसपासपर्यंतची तळी धरावीत, त्यापलीकडची सोडावीत. या हिशेबात आमच्या मते तीन जागा चांगल्या बसतात.

पहिली देवरियाताल, सुमारे 2,400 मीटर. उखीमठजवळच्या सारी गावातून फरसबंद वाटेने जेमतेम तीन किलोमीटर चढ. मुलं दोन तासांत चढतात. सारीत घरगुती मुक्कामाची सोय आहे. एक दिवस तळं, दुसऱ्या दिवशी गाडीने चोपता (तुंगनाथची पायवाट इथून सुरू होते) आणि तिसऱ्या पहाटे तुंगनाथ (3,680 मीटर), असा क्रम लावला तर उंचीची सवयही हळूहळू होते. एक गोष्ट मात्र मुलांना आधीच सांगा : चौखंबा शिखराचं पाण्यातलं प्रतिबिंब मेमध्ये दिसेलच असं नाही. त्या दिवसांत गढवालच्या चीडवनात वणवे लागतात, धुरकट हवा असते. चांगला पाऊस पडून गेल्यावरची सकाळ मिळाली तर दिसतं, तेही साधारण नऊच्या आत, वारा सुटण्यापूर्वी.

दुसरी करेरी, 2,934 मीटर, धरमशालेच्या वरच्या धौलाधारमध्ये. करेरी गावातून न्यूंड ओढ्याच्या काठाने साधारण 13 किलोमीटर वाट आहे. इंदूरकरांना ही सर्वांत सोपी पडते, कारण मालवा एक्सप्रेस थेट पठाणकोट छावणीला उतरवते आणि तिथून धरमशाला चार-एक तासांचा रस्ता. मेच्या पहिल्या आठवड्यात तळ्याजवळ जुन्या बर्फाचे पट्टे असू शकतात, त्यामुळे 15 मेनंतरची तारीख धरा. तळ्याच्या पुढे मिंकियानी खिंडीकडे जाणारी वाट मुलांना घेऊन चढू नका. तिथला बर्फ जूनमध्येही कडक असतो.

तिसरी दोडीताल, तीन हजार मीटरच्या थोडी वर, उत्तरकाशीजवळ. अगोडा गावापासून चौदा-सोळा किलोमीटर ओक आणि देवदाराच्या जंगलातून. तेरा वर्षांच्या मुलाला जमेल. नऊ वर्षांच्या मुलासाठी मध्ये बेबरा किंवा मांझीला मुक्काम करून दोन दिवसांत चढावं.

तिन्ही ठिकाणं एकाच सुट्टीत उरकायचा मोह टाळा. एका तळ्यापाशी किंवा खालच्या गावात तीन रात्री राहिलात तर मुलांना प्राणी-पक्षी दिसतात, हवेची सवय होते, आणि एखादा दिवस पावसात गेला तरी सहल बुडत नाही.

प्रश्न : हेमकुंडही तळंच आहे आणि वाटही बांधलेली. ते का नको? — लोकमान्य नगर

4,329 मीटर उंची आणि पायथ्याच्या घांघरिया गावापासून सहा किलोमीटरांत 1,200 मीटरहून अधिक चढ, हे कारण. वाट बांधलेली असल्याने लोक वेगाने चढतात आणि वर जाऊन डोकं धरून बसतात. मेअखेरीस वाट उघडते तेव्हा शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात. मोठ्या माणसांनी जायचंच असेल तर घांघरियात दोन रात्री काढून मग चढा. वर मुक्काम करता येत नाही, दुपारी खाली निघावंच लागतं. घांघरियाहूनच जाता येणारी फुलांची दरी 1 जूनला उघडते, पण बहर जुलैच्या मध्यापासून. जूनच्या पहिल्या आठवड्यात फुलांसाठी म्हणून गेलात तर निराशा होईल.

प्रश्न : आमच्या ओळखीच्या एकांना डोंगरात ऑक्सिजन कमी पडून रात्रीतून खाली आणावं लागलं. हा त्रास कोणाला होतो? डायमॉक्स गोळी सगळ्यांनी घ्यावी का? — राजेंद्र नगर

कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. रोज दहा किलोमीटर पळणारा तरुण आजारी पडतो आणि त्याची आई ठणठणीत राहते, असं होतं. तंदुरुस्तीचा या त्रासाशी थेट संबंध नाही. संबंध आहे तो झोपायची उंची किती झपाट्याने वाढवली याच्याशी. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे. 3,000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 70 टक्के उरतो, 4,300 मीटरवर 60 टक्क्यांच्या आसपास. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात.

त्रास साधारण 2,500 मीटरच्या वर सुरू होऊ शकतो. नियम असा : 3,000 मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी थांबायचं. दिवसा आणखी वर चढून रात्री खाली झोपायला येणं चांगलंच.

डोकेदुखी, आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक मरणं, गरगरणं किंवा न जाणारा थकवा : एवढं दिसलं की हा उंचीचा त्रास आहे असं धरून चालायचं. चढणं थांबवा, तिथेच राहा, साधी डोकेदुखीची गोळी घ्या. रात्रीतून बरं वाटलं तर पुढे. वाढलं तर खाली. लहान मुलं डोकं दुखतंय असं नीट सांगत नाहीत. ती किरकिर करतात, खात नाहीत, खेळत नाहीत. नेहमी बडबडणारं मूल गप्प झालं तर तेही लक्षण समजा.

दोन अवस्था मात्र सकाळची वाट पाहण्याच्या नाहीत. बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, ओठ निळसर दिसतात : फुप्फुसांत पाणी साठतंय. बोलणं असंबद्ध होतं, चालताना तोल जातो : मेंदूला सूज येतेय. शंका आली तर जमिनीवर एक रेघ मारा आणि टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावत तिच्यावरून चालायला सांगा. जमलं नाही तर रात्र असो की पाऊस, त्या माणसाला लगेच खाली न्यायचं, निदान 300 ते 1,000 मीटर. ऑक्सिजन असेल तर वाटेत देत राहायचा. पण सिलिंडर आहे म्हणून वरच थांबायचं नाही.

डायमॉक्स ही उंचीचा त्रास टाळण्यासाठीची गोळी, ती सरसकट नको. देवरियाताल-करेरीसाठी निरोगी माणसाला गरज पडत नाही. जिथे गाडी एका दिवसात थेट चार हजार मीटरवर नेऊन सोडते, अशा ठिकाणी डॉक्टर ती सुचवतात : मोठ्यांना सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवी वारंवार होते. दोन्ही अपेक्षित आहे. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि मुलांचं प्रमाण स्वतः ठरवू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य, कारण त्यांनी झोपेतला श्वास मंदावतो.

प्रश्न : माझं वय 61. गुडघे चढताना ठीक, उतरताना दुखतात. तुंगनाथ जमेल का? तयारीला दोन महिने आहेत. — तिलक नगर

जमेल. डॉक्टरांनी सांध्यात मोठी झीज नाही असं सांगितलं असेल, तर तयारीचा भर उतारावर ठेवा. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत वजन झेलतो. तो कमकुवत असेल तर भार गुडघ्यावर येतो. सपाट बागेत रोज फेऱ्या मारून हा स्नायू तयार होत नाही, आणि म्हणूनच रोज चालणारी माणसंही पहिल्या उताराला लंगडतात.

पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरा पाय हळूच, तीन आकडे मोजत, खाली टेकवायचा आणि परत वर घ्यायचा. प्रत्येक पायाने दहादा, असे तीन संच, एक दिवसाआड. सुरुवातीला कठडा धरा. जोडीला इमारतीचे जिने. एक मजला साधारण तीन मीटर धरला तर चार मजले म्हणजे 12 मीटर. देवरियातालचा चढ सुमारे 400 मीटर, म्हणजे चार मजल्यांच्या 33 फेऱ्या. चोपता ते तुंगनाथ जवळपास 950 मीटर, म्हणजे 80च्या घरात. पहिल्या आठवड्यात आठ-दहा फेऱ्यांनी सुरुवात करून सहाव्या आठवड्यापर्यंत तिशी गाठा. जिना उतरताना लिफ्ट वापरू नका, उतरणं हाच व्यायाम आहे. रविवारी पहाटे रालामंडलची टेकडी किंवा महूकडचं जानापाव करा. होळकरांच्या शिकारगाहापर्यंतचा रालामंडलचा चढ छोटा आहे, तो दोनदा करा, दुसऱ्यांदा पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन. एप्रिलच्या उन्हात आठच्या आत घरी यायला हवं.

काठ्या दोन घ्या. चढताना कोपर काटकोनात राहील एवढी लांबी, उतरताना पाच ते दहा सेंटिमीटरने जास्त. पावलं छोटी टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा. चंद्रशिला शिखर तुंगनाथच्या वर आणखी दीड किलोमीटर आहे. दुपारी तिकडे ढग जमून विजा होतात, म्हणून पहाटे निघून दहापर्यंत खाली यायला जमत असेल तरच तिकडे जा.

प्रश्न : बूट कोणते? — वैशाली नगर

घोटा झाकणारे, तळव्याला खोल खाचा असलेले. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. जाड मोजे घालून बघा. पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट मावायला हवं, नाहीतर उतारावर अंगठ्याचं नख काळं पडतं. निघण्यापूर्वी महिनाभर ते बूट घालून चाला. फार वर्षं माळ्यावर पडून असलेले बूट नेऊ नका : तळवा चिकटवणारा थर सुकतो आणि वाटेतच सोल निघतो.

प्रश्न : मे महिना म्हणजे तिकडेही उन्हाळाच. स्वेटर पुरेल का? — सुदामा नगर

दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. दिवसा उन्हात 18-20 अंश, रात्री तळ्याकाठी पाचच्या आसपास, गारा पडल्या तर शून्याजवळ. या काळात सकाळ स्वच्छ आणि दुपारनंतर गडगडाट हे नेहमीचं चक्र आहे. साडेसहाला चालायला लागून एकपर्यंत मुक्काम गाठायचा.

खरा धोका थंडी आणि ओल एकत्र येण्याचा आहे. जाड सुती टी-शर्ट आणि जीन्स भिजले की तासन्‌तास वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. अंगाला लागून सिंथेटिक किंवा लोकरीचा पातळ थर, वर फ्लीस, सर्वांत बाहेर वारा आणि पाऊस अडवणारं जॅकेट. कपड्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फक्त झोपण्यासाठी राखून ठेवा. कितीही मोह झाला तरी तो दिवसा घालायचा नाही. कानटोपी आणि हातमोजे मेमध्येही लागतात. उंचीबरोबर अतिनील किरणं वाढतात, त्यामुळे गॉगल मुलांनाही हवेत, बर्फाच्या पट्ट्यांवर तर हवेतच.

प्रश्न : आम्ही पक्षी आणि प्राणी बघायला जाणार आहोत, चालणं त्यासाठी. कुठे, केव्हा, काय दिसेल? — राजेंद्र नगर

तर तुंगनाथचा परिसर पहिला. हा भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्याच्या आसऱ्याचा आहे. 975 चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य 1972 मध्ये मुख्यतः कस्तुरीमृगासाठी राखलं गेलं. कस्तुरीमृग लाजाळू आणि बहुतेक रात्री फिरणारा, तो दिसेल असं धरून जाऊ नका. मोनाल हा रानकोंबड्याच्या कुळातला पक्षी मात्र दिसतो. चोपत्याहून साडेचार-पाचला निघा आणि झाडं संपून गवत सुरू होतं त्या पट्ट्यात उजाडायच्या सुमारास पोहोचा. मोनाल चोचीने माती उकरून कंद आणि किडे खातो. ताज्या उकरलेल्या मातीचे ठिपके दिसले की तिथेच थांबा. नर निळा-हिरवा-तांबूस झळकतो, उडताना पाठीवरचा पांढरा पट्टा ओळख पटवतो. मादी तपकिरी, ती नजरेतून सुटते. यात्रेकरूंची वर्दळ सुरू झाली की तो उतारावर खाली निघून जातो.

त्याच वाटेवर दगडांच्या राशींत पिका असतो. सशाचा हा मुठीएवढा नातलग, शेपूट नसलेला. दहा मिनिटं हलला नाहीत तर बाहेर येतो, मुलांना दाखवायला याच्याइतका हक्काचा प्राणी नाही. कड्यांवर हिमालयी थार (रानबकरा), नराच्या मानेला दाट आयाळ. खाली देवरियातालच्या वाटेवर पिवळ्या गळ्याचा मार्टेन (मुंगसासारखा लांबट, झाडांवरून जोडीने पळतो), लंगूर, घोरल (बकरीसारखा डोंगरी प्राणी). आकाशात पाचरीच्या आकाराची शेपटी दिसली तर ते दाढीवालं गिधाड. हाडं उंचावरून खडकावर टाकून फोडून खातं.

दुर्बीण 8×42 (8 पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) घ्या. 10 किंवा 12 पटीची हातात थरथरते आणि जंगलातल्या अंधुक उजेडात कमी दाखवते. कपडे मातकट रंगाचे. पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाइलवर त्यांचे आवाज वाजवू नका : मे-जून हा विणीचा काळ आहे, नर घरटं सोडून त्या आवाजाशी झुंजायला येतो आणि तेवढा वेळ पिल्लं उपाशी राहतात. फोटोसाठी बिस्किटं टाकणंही तितकंच वाईट. तुंगनाथच्या टपऱ्यांजवळ त्याने माकडं माणसांच्या सॅका ओढायला शिकली आहेत.

प्रश्न : अस्वलाची भीती कितपत? — नारायण बाग

हिमालयी काळं अस्वल, छातीवर पांढरट चंद्रकोर असलेलं, याच जंगलांत राहतं. भीती मनात धरून बसू नका, पण काळजी घ्या. ते माणसाला टाळतं. हल्ले बहुतेकदा अचानक समोरासमोर आल्यावर किंवा मादी आणि तिच्या पिल्लांच्या मध्ये माणूस शिरल्यावर होतात. पहाटे आणि संध्याकाळी दाट ओकवनातून एकट्याने जाऊ नका. ओढ्याच्या खळखळाटात त्याला तुमची चाहूल लागत नाही, तिथे मोठ्याने बोलत चाला. दिसलंच तर पळायचं नाही आणि झाडावर चढायचं नाही. ते तुमच्याहून चांगलं चढतं. मुलं जवळ घ्या, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. अंगावर आलंच तर पालथं पडा, सॅक पाठीवरच राहू द्या, बोटं मानेमागे गुंफा. तंबूत शेव, लाडू, काहीही ठेवून झोपू नका.

जास्त वेळा गाठ पडते ती मेंढपाळांच्या कुत्र्यांशी. करेरीच्या वाटेवर गद्दी लोकांचे कळप मेअखेरीपासून वर जातात. बिबट्यापासून जपण्यासाठी कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे असतात, आणि ती आपलं काम चोख करतात. कळपाच्या मधून जाऊ नका, लांबून हाक मारा, मेंढपाळ कुत्री आवरेपर्यंत थांबा. चावलंच तर जखम साबणाने 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी खाली उतरा. ट्रेक तिथेच संपला असं समजायचं.

प्रश्न : जेवणाचं आणि पाण्याचं काय न्यावं? — रामबाग

3,000 मीटरवर पाणी 90 अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ आणि राजमा कुकरशिवाय शिजत नाहीत, इंधन मात्र संपतं. भिजवून होणारे पोहे, सातू, मेतकूट-भात, दशम्या, गुळपापडी, चिक्की हे सगळं उत्तम चालतं. उंचीवर भूक मंदावते, म्हणून मुलांना आवडतं तेच न्या आणि दर तासाला थोडंथोडं द्या. उपवास त्या चार दिवसांत करू नये, ज्येष्ठांनीही.

ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी वर मेंढ्या चरत असतात. खळखळून उकळी आल्यावर तीन मिनिटं उकळा. क्लोरीनच्या गोळ्या वापरत असाल तर पाकिटावरचा वेळ पाळा, आणि पाणी बर्फगार असेल तर दुप्पट धरा. माणशी तीन लिटरच्या आसपास पुरे.

प्रश्न : दोडीतालमध्ये पोहता येईल का? मासे पकडता येतात का? — लोकमान्य नगर

दोन्ही नाही. पाणी इतकं थंड असतं की उडी घेताच श्वास अडकतो आणि काही मिनिटांत हातपाय काम देईनासे होतात. तळ्यातले ट्राउट प्रसिद्ध आहेत, काठावरून बघा. काठाशी साबण, शाम्पू, भांडी घासणं काहीच नको. धुण्याचं पाणी पन्नास-साठ पावलं लांब, मातीत ओता. शौचासाठीही तेवढंच अंतर आणि वीतभर खोल खड्डा. टिश्यू आणि सॅनिटरी पॅड पुरायचे नाहीत, पिशवीत बंद करून खाली आणायचे.

प्रश्न : वाट सरळ आहे म्हणतात, मग वाटाड्या कशाला? — सुदामा नगर

जून 2024 मध्ये उत्तरकाशीजवळच्या सहस्रतालच्या वाटेवर हिमवादळात नऊ ट्रेकरांचा मृत्यू झाला. महिना जूनचा होता. ढग उतरल्यावर सरळ वाटही दिसत नाही. परत फिरायचं कधी, हे स्थानिक माणूस आभाळ बघून सांगतो. त्याने फिरू म्हटलं तर वाद घालू नका, आणि परतीच्या तिकिटात एक दिवस जादा ठेवा. तो असला की वनखात्याची नोंद, प्रवेशशुल्क आणि मुक्कामाची जागा हेही मार्गी लागतं. 2018च्या उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशाने बुग्यालांवर (उंचावरच्या गवताळ कुरणांवर) रात्रीचा मुक्काम बंद झाला आहे, त्यामुळे गवताळ पठारावर तंबू देतो म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

प्रश्न : मुलं मोठी झाली, सुट्टीचं बंधन नाही. आता उंचावरची तळी केव्हा करावीत? — तिलक नगर

काश्मीरची तळी ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. खिंडी मोकळ्या असतात, कुरणात लांब शेपटीचे मार्मोट (खारीच्या कुळातले जाडजूड प्राणी) शिट्ट्या मारत बसलेले दिसतात. गणपती त्याच सुमारास येतात, त्या वर्षीच्या तारखा बघून आधी किंवा नंतर जा. स्पितीतला चंद्रताल (सुमारे 4,250 मीटर, 2005 पासून रामसर या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतली पाणथळ) सप्टेंबरमध्ये सर्वांत निळा असतो. मनालीहून एका दिवसात तिथे जाणारे बरेच लोक रात्री आजारी पडतात, म्हणून सिमला, किन्नौर, काझा असं चढत जा आणि चंद्रताल शेवटी ठेवा. काठावर तंबूंना बंदी आहे, तळ काही किलोमीटर अलीकडे असतात. देवरियातालला चौखंबाचं प्रतिबिंबच हवं असेल तर दिवाळीची सुट्टी धरा. तेव्हा रात्री पारा शून्याजवळ जातो, स्लीपिंग बॅग भाड्याने घेताना तिच्यावरचा आरामाच्या तापमानाचा आकडा बघा, सहनशक्तीच्या मर्यादेचा नव्हे.